आफ्रिकेतली लष्करी अळी मका खाते, मग जीन भाताचा कसा काय निघतो?

डोंबिवलीची_सई
नमस्कार मंडळी, मी एमएस्सी झूलॉजीला आहे, कॉलेज मुंबईतलंच, आणि सेमिनारला अमेरिकन लष्करी अळी घेतलीये, म्हणजे स्पोडोप्टेरा फ्रुजिपर्डा. आफ्रिकेत 2016 ला पहिल्यांदा सापडली आणि 2018 ला आपल्याकडे कर्नाटकात. आता घोडं अडलंय ते इथे: हिचे दोन स्ट्रेन, म्हणजे उपप्रकार, एक मक्याचा एक भाताचा, आणि ते ओळखायला वापरतात तो सीओआय जीन बघितला की आफ्रिकेतल्या बहुतेक अळ्या भाताच्या निघतात, पण शेतात तर मकाच फस्त होतोय ना! मग स्ट्रेन बघायचा कशाला? आणि मित्रकीटक (किडीला मारणारे कीटक) निवडायला याचा काही उपयोग आहे का? परवा प्रेझेंटेशन आहे, प्लीज सांगा कुणीतरी.

परळचा_पतंगवाला
सई, सीओआय हा मायटोकॉन्ड्रियातला, म्हणजे पेशीत ऊर्जा बनवणाऱ्या भागातला जीन, म्हणजे फक्त आईकडून येतो, तिथेच गफलत होते. पतंगांमध्ये लिंग ठरवणारी गुणसूत्रं नरात झेडझेड आणि मादीत झेडडब्ल्यू, आपल्या उलट. समजा भाताच्या स्ट्रेनची आई आणि मक्याचा बाप, तर त्यांच्या मुलीला मायटोकॉन्ड्रिया आईचा पण झेड बापाचा. म्हणून झेडवरचा टीपीआय नावाचा जीन बघतात, आणि आफ्रिकेतल्या त्याच अळ्यांमध्ये तो बहुतेक वेळा मक्याचा निघतो. म्हणजे कुठेतरी मागे संकर झालाय. नुसत्या सीओआयवरून "भाताचा स्ट्रेन आला" असं स्लाइडवर लिहू नकोस, मला तरी ते चुकीचं वाटतं.
जेनेटिक्सचा खरा फायदा औषधाला न दबणारे जीन शोधायला होतो. प्वेर्तो रिकोत बीटी मक्यातल्या क्राय1एफ या अळीमारक प्रथिनाला अळी दाद देईना, ते एबीसीसी2 जीनमधल्या बदलामुळे. तसला जीन आपल्याकडच्या अळीत आलाय का ते आधी तपासावं लागतं.

संगमनेरची_लेक_ठाण्यात
माझ्या माहेरी मका असतो म्हणून लिहितेय. सई बाळा, अळी एकदा पोंग्यात, म्हणजे मधल्या कोवळ्या पानांच्या गुंडाळीत शिरली की वरून मारलेलं औषध तिच्यापर्यंत नीट पोचतच नाही, म्हणून अंड्यावरच गाठायची. भाऊ ट्रायकोकार्ड लावतो, म्हणजे किडीच्या अंड्यात वाढणाऱ्या ट्रायकोग्रामा या बारीक कीटकाचं कार्ड, कामगंध सापळ्यात (मादीच्या वासाने नर ओढणाऱ्या) पतंग दिसायला लागले की लगेच. पण हिची मादी अंडी थरावर थर घालते आणि वरून अंगाची लव पसरते, त्यामुळे ट्रायकोग्रामा वरच्या थरातच अडकतो. कार्ड लावल्यावर फवारणी मात्र करायची नाही, नाहीतर आपलेच मित्र मरतात, हे जीव तोडून सांगते सगळ्यांना.

परळचा_पतंगवाला
ताई अगदी बरोबर. म्हणूनच टेलेनोमस रेमस महत्त्वाची, ही बारीकशी गांधीलमाशी त्या थरांच्या आतल्या अंड्यांपर्यंत जाते. आफ्रिकेत हिला बाहेरून आणायचा विचार चालू होता आणि बघितलं तर केनिया, बेनिन, नायजर, दक्षिण आफ्रिकेत ती आधीपासून शेतात होतीच! म्हणून सई, तुझ्या दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर असं की मित्रकीटक निवडताना अळीच्या स्ट्रेनपेक्षा आधी त्या शेतातली अंडी गोळा करून त्यातून काय बाहेर पडतं ते बघावं. लहान अळ्यांवर तिथलीच कोटेसिया आयसिपे ही गांधीलमाशी काम करते.
बाहेरून आणूच नये असंही नाही हां. आपल्या आशियातला ज्वारी-मक्याचा खोडकिडा, कायलो पार्टेलस, आफ्रिकेत गेला तेव्हा केनियात 1993 ला पाकिस्तानातून आणलेली कोटेसिया फ्लेविपेस सोडली, ती तिथे रुजली आणि किडा कमी झाला. कारण किड्याच्या मूळ घरचा शत्रू तिथे नव्हता.

डोंबिवलीची_सई
दादा, ताई, खूप खूप थँक्यू! सीओआयची स्लाइड बदलते, टीपीआय शेजारी टाकते आणि आईबापाचा तो झेडडब्ल्यूचा तक्ता काढते. ताई, भावाला विचाराल का, अंड्यांचे पुंजके सापडले तर पानासकट बाटलीत ठेवून द्यायला? तोंडाला मलमलचा कपडा बांधून. मी दिवाळीत येऊन घेऊन जाईन, मला बघायचंय त्यातून टेलेनोमस निघते का.