मदत हवी आहे: व्हीएमसीवर टिकणारी मुलं कुठून आणायची? (रबाळे)

रबाळे_वर्कशॉप
नमस्कार. सरळ मुद्द्यावर येतो. दिवाळीत नवीन व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन) घेतली. हप्ता चालू झाला, पण मशीन एका शिफ्टच्या वर चालत नाही, कारण चालवायला माणूस नाही. तेव्हापासून चार मुलं ठेवून झाली. दोघं शिकली आणि महापेला दोन हजार जास्त मिळतात म्हणून गेली. एक डिलिव्हरीच्या कामाला लागला. चौथ्याने टूल बदलल्यावर लेंग्थ ऑफसेट (नव्या टूलची लांबी) न टाकताच सायकल स्टार्ट दाबलं, टूल आदळलं. स्पिंडलचा खर्च इथे लिहीत नाही, बायको हे वाचते.
जवळच्या एका आयटीआयत जाऊन आलो. "एमओयू (सामंजस्य करार) करा" म्हणाले. कसला, कुठल्या योजनेत, ते सांगणारे साहेब रजेवर. कोणी केलंय का असं टाय-अप? लवकर सांगा, पुढच्या आठवड्यात ऑर्डर सुरू होतेय.

खाडीपल्याड
माणसं किती आहेत? कंट्रोल (मशीनचा कॉम्प्युटर) कुठला? ऑपरेटर हवाय, सेटर (टूल-जॉब लावून मशीन तयार करणारा) हवाय की प्रोग्रामर? आणि पुढच्या आठवड्याची ऑर्डर आयटीआयच्या भरवशावर घेतलीत?

रबाळे_वर्कशॉप
फॅनक. माणसं २२. ऑपरेटरच हवाय, थोडं सेटिंग करणारा.

जुना_टर्नर
थोडं सेटिंग करणारा ऑपरेटर म्हणजे सेटर, फक्त पगार ऑपरेटरचा. मुलं पळतात ती उगाच नाही.
बाकी आमच्या वेळी वागळे इस्टेटला पहिलं वर्षभर कानस मारली, चहा आणला, कूलंट भरलं. मग उस्तादांनी लेथच्या चकला (जॉब पकडणाऱ्या भागाला) हात लावू दिला. आता पोरांना तिसऱ्या दिवशी प्रोग्राम पाहिजे. हातात मायक्रोमीटर द्या, दहापैकी सात जण शिकंजा आवळल्यासारखा पिळतात.

खाडीपल्याड
काका, वर्षभर चहा आणायला आता कोण थांबेल? त्याच्यापेक्षा डिलिव्हरीत पैसे जास्त.

चोख_हिशेब
सोपं आहे. दोन वर्षांचा बाँड लिहून घ्या, मूळ मार्कशीट कपाटात ठेवा. आमच्याकडून एकही गेला नाही.

फाईलबहाद्दर
दुसऱ्याची मूळ मार्कशीट अडकवून ठेवायचा सल्ला जाहीर देऊ नका हो. उद्या तो मुलगा चौकीत गेला तर कपाट तुम्हालाच उघडावं लागेल.
धागाकर्ते, तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी एकत्र केल्यात. एमओयू लागतो तो ड्युअल सिस्टीम ऑफ ट्रेनिंगला, म्हणजे डीएसटीला. त्यात मुलगा आयटीआयचा विद्यार्थीच राहतो, थिअरी तिकडे आणि प्रॅक्टिकलचा काही काळ तुमच्या कारखान्यात. मशिनिस्टसारख्या दोन वर्षांच्या ट्रेडला सहा ते बारा महिने. मूळ कल्पना जर्मनीची. हे प्राचार्यांशी बोलून पुढच्या बॅचसाठी ठरतं, आठवड्यात नाही.
दुसरी अप्रेंटिसशिप (शिकाऊ उमेदवारी), १९६१ च्या कायद्याखालची. तिला एमओयू लागत नाही. सरकारच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंदणी करा, पास झालेला मुलगा निवडा, करार नोंदवा. २०१९ च्या नियमांत आयटीआय पासला महिना निदान ७,००० विद्यावेतन ठरलं होतं, ताजा आकडा पोर्टलवर बघा. नॅप्स या अप्रेंटिसशिप प्रोत्साहन योजनेतून केंद्राचा वाटा २५ टक्के, जास्तीत जास्त १,५००, थेट मुलाच्या खात्यात. पीएफ, ईएसआय लागत नाही, पण अपघात झाला तर भरपाई तुमच्यावर. आणि रीतसर परवानगीशिवाय ओव्हरटाइमला लावता येत नाही. दुसरी शिफ्ट त्याच्यावर ढकलायचा विचार असेल तर सोडा.
४ ते २९ माणसं असतील तर हे ऐच्छिक आहे. ३० पासून सक्तीचं, एकूण माणसांच्या २.५ ते १५ टक्के.

ऐरोलीकर७
स्पिंडलचा विम्याचा क्लेम केलात का? फायर पॉलिसीत हे बसत नाही, मशिनरी ब्रेकडाउन वेगळी घ्यावी लागते. आमचा सर्व्हेअर आला तेव्हा कंट्रोलवरचे अलार्म कोणीतरी पुसून ठेवले होते, सगळी बोंब. फोटो काढून ठेवा.

रबाळे_वर्कशॉप
@ऐरोलीकर, विषय तो नाही. (पण पॉलिसी फायरचीच निघाली.)
@फाईलबहाद्दर, आम्ही २२ म्हणजे ऐच्छिक, बरोबर? पॅकिंग-लोडिंगची ११ मुलं ठेकेदाराची आहेत, ती धरायची नाहीत ना?

फाईलबहाद्दर
धरायची. ठेक्यावरची माणसं मोजतात. ३३ झाले. म्हणजे तुम्ही मदत मागायला आलात आणि एक अप्रेंटिस मुळातच देणं लागता!

खाडीपल्याड
हे पहिल्या पोस्टमध्ये लिहिलं असतं तर सगळ्यांचा वेळ वाचला असता. आता दुसरं सांगा, मुलगा आला तर त्याला शिकवणार कोण?

रबाळे_वर्कशॉप
आमचे सेटर आहेत, बाबूकाका म्हणतो त्यांना. हात सोन्याचा. पण प्रोग्राम डायरीत लिहितात आणि डायरी घरी नेतात. मी विचारलं तरी "करतो मी" एवढंच. अजून दोन वर्षांनी रिटायर.

जुना_टर्नर
मग आयटीआय कशाला, तुमचा प्रश्न डायरीचा आहे. ते का दाखवत नाहीत माहितीये? ज्या दिवशी पोरगा शिकेल त्या दिवशी मालक आपल्याला घरी बसवेल, ही भीती. मी स्वतः तसाच वागलोय. मालकाने रिटायरनंतर तीन वर्षं फक्त शिकवायला ठेवेन असं लिहून दिलं, तेव्हा कुठे मी वर्क ऑफसेट (मशीनला जॉबची जागा सांगणं) कसा घेतो ते पोरासमोर करायला लागलो.

चोख_हिशेब
लिहून दिलं म्हणजे बाँडच झाला की. फक्त उलटा.

जुना_टर्नर
हो, उलटाच पाहिजे.

फाईलबहाद्दर
आणखी एक. चुनाभट्टीला आयडेमी आहे, एमएसएमई (लघुउद्योग) मंत्रालयाची टूल रूम, म्हणजे प्रशिक्षण देणारी संस्था. तिथे सीएनसी (व्हीएमसीसारखी कॉम्प्युटरवर चालणारी मशीन) आणि कॅड-कॅमचे (कॉम्प्युटरवर डिझाइन आणि प्रोग्राम करायचे) कोर्स चालतात. असलेल्यांपैकी एखाद्या हुशार मुलाला पाठवा, तेवढे दिवस पगार चालू ठेवून. डीएसटीसाठी एकटे जाण्यापेक्षा रबाळेच्याच टीबीआयएत (ठाणे-बेलापूर इंडस्ट्रीज असोसिएशन) विचारा, चारपाच जॉबवर्कवाले मिळून एक बॅच घेता येते का. एका छोट्या कारखान्यासाठी कुठलेही प्राचार्य वेळापत्रक हलवणार नाहीत.

रबाळे_वर्कशॉप
चारपाच म्हणजे त्यात महापेवाले पण येणार. माझी दोन पोरं त्यांच्याकडेच आहेत!

खाडीपल्याड
मग तर बोलणं आहेच. त्यांनाही कोणीतरी पळवतच असणार.

ऐरोलीकर७
महापेच्या सिग्नलला संध्याकाळी अर्धा तास जातो, दोन हजार कमी पडले तरी मी रबाळेच घेईन.

शिळफाटा_मावशी
माझा भाचा मेकॅनिकल डिप्लोमा आहे, घरीच बसलाय. पगार किती देता?

रबाळे_वर्कशॉप
मावशी, फॅनक येतं का त्याला?

शिळफाटा_मावशी
ते काय ते माहीत नाही. चहा चांगला करतो.

रबाळे_वर्कशॉप
सोमवारी दहाला पाठवा. डायरीचं मी बाबूकाकांशी उद्या बोलतो, काय होतं ते इथे टाकतो.