'खासगी स्विमिंग पूल आहे, त्यांची मर्जी' – पटतं का?

मेरीलँडवासी (धागाकर्ता)

उन्हाळा आला की इथे अमेरिकेत मराठी ग्रुपवर विषय ठरलेला: वस्तीतल्या पूलचं सभासदत्व कसं मिळवायचं? प्रतीक्षायादी मारुतीच्या शेपटीसारखी. परवा एकाने निकाल लावला, "खासगी क्लब आहे, त्यांची मर्जी." मला हे पटत नाही, म्हणून धागा.

आमच्याच भागात, सिल्व्हर स्प्रिंगजवळ, १९५८ साली स्विमिंग पूल चालवायला व्हीटन-हेवन नावाची संस्था निघाली. जास्तीत जास्त ३२५ कुटुंबं. पाऊण मैलाच्या परिघात राहणाऱ्याला शिफारस लागत नसे. सभासदाने घर विकलं तर ते सभासदत्व घेण्याचा पहिला हक्क नव्या मालकाला. थोडक्यात, पत्ता हीच पात्रता. पण एका कृष्णवर्णीय डॉक्टरने परिघात घर घेऊन चौकशी केली, तर त्याला साधा अर्जसुद्धा मिळाला नाही. १९६८ च्या जुलैत एका गोऱ्या सभासद जोडप्याने कृष्णवर्णीय बाईंना पाहुण्या म्हणून आणलं. त्या दिवशी आत सोडलं, आणि दुसऱ्याच दिवशी खास सभा घेऊन नियम बदलला: यापुढे पाहुणे म्हणजे फक्त सभासदांचे नातेवाईक! टिलमन विरुद्ध व्हीटन-हेवन खटल्यात १९७३ साली सुप्रीम कोर्टाने एकमताने संस्थेच्या विरोधात निकाल दिला. घराबरोबर जे मिळतं, ते वंश बघून नाकारता येणार नाही, आणि हा खऱ्या अर्थाने खासगी क्लबही नाही.

त्या पाहुण्यांच्या नियमात रंगाचा उल्लेख कुठे आहे, दाखवा. नियम कधी झाला आणि कोण आल्यावर झाला, एवढंच मी बघतो.

चिकित्सक

असहमत. निकाल लागून पन्नास वर्षं उलटली. आमच्या सोसायटीच्या पूलचा लाइफगार्ड, क्लोरीन, विमा, सगळं आमच्या मासिक वर्गणीतून जातं. गोरे, काळे, तेलुगू, मराठी, सगळे सभासद आहेत. बाहेरच्याला नको म्हटलं की लगेच वंशवाद? पुण्यातल्या सोसायटीत शेजारच्या बिल्डिंगची पोरं पूलमध्ये उतरली तर वॉचमन काय ओवाळतो का?

खारं वारं

पैसे भरले तरी हाकलतात, त्याचं काय? २००९, फिलाडेल्फियाच्या उपनगरातला व्हॅली स्विम क्लब. एका डे-कॅम्पने (मुलांच्या दिवसभराच्या शिबिराने) १,९५० डॉलर भरून मुलांना आणलं. बहुतेक मुलं कृष्णवर्णीय आणि लॅटिनो. एकदा पोहून गेली आणि क्लबने पैसे परत केले. कारण काय दिलं, तर गर्दी आणि सुरक्षितता.

चिकित्सक

आणि पुढे काय झालं तेही सांगा की! क्लबचं दिवाळं निघालं, न्याय खात्याने खटला भरला, २०१२ मध्ये ११ लाख डॉलरची तडजोड झाली. म्हणजे कायदा काम करतो. चार क्लब वाईट निघाले म्हणून कुंपणच वाईट?

सावित्रीकाठ

मी महाडची, त्यामुळे राहवत नाही. चवदार तळं १९२४ मध्येच नगरपालिकेने ठराव करून सगळ्यांना खुलं केलं होतं. मुसलमान-ख्रिस्ती पाणी भरत होते. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी आणि हजारो लोकांनी ते पाणी प्यायल्यावर 'शुद्धी' झाली, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पुढचं कोणी सांगत नाही. डिसेंबरात दुसरा सत्याग्रह ठरला तेव्हा विरोधक कोर्टात गेले ते काय म्हणून? तळं खासगी आहे म्हणून! मनाई हुकूमही मिळवला. शेवटचा निकाल हायकोर्टात १९३७ ला लागला, दहा वर्षांनी. सत्याग्रह होईपर्यंत तळ्याच्या मालकीची आठवण कोणाला झाली नव्हती, हे मेरीलँडच्या त्या पाहुण्यांच्या नियमासारखंच नाही का?

शिळोप्या

मुंबई राहिली. ब्रीच कँडीचा तो अखंड हिंदुस्थानच्या आकाराचा तलाव, आणि हिंदुस्थानीच बाहेर! स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं तेच. (चालू द्या, चहा टाकलाय.)

चिकित्सक

महाडची तुलना ओढूनताणून आहे. ते पिण्याचं पाणी होतं, जगण्याचा प्रश्न होता. पूल ही चैन आहे.

खारं वारं

चैन? अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राचा आकडा आहे: १० ते १४ वयोगटातली कृष्णवर्णीय मुलं स्विमिंग पूलमध्ये बुडून मरण्याचं प्रमाण गोऱ्या मुलांच्या ७.६ पट. ज्यांच्या आजी-आजोबांना पूलमध्ये उतरू दिलं नाही, त्यांच्या घरात पोहायला कोण शिकवणार? मिसिसिपीतल्या जॅक्सन शहराने तर सगळ्यांना एकत्र पोहू देण्यापेक्षा सार्वजनिक तलावच बंद केले, आणि १९७१ मध्ये सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ मतांनी ते चालवून घेतलं. ऐपतवाले गोरे अशा वेळी क्लबांत गेले. बाकीच्यांनी कुठे जायचं होतं?

चिकित्सक

मग पालिकेकडे तलाव मागा, काउंटीत मोर्चा काढा, मी सही करतो. आमच्या सोसायटीच्या गेटवर कशाला?

सोमवारची सुट्टी

कारण गेटवर काय चालतं ते मी बघते. आमच्याकडे फाटकाला फॉब (इलेक्ट्रॉनिक किल्ली) लागतो, पण मागून येणाऱ्यासाठी फाटक धरून ठेवायची पद्धत आहे. माझ्यापुढे दोन गोरी मुलं तशीच आत गेली. मागून आलेल्या काळ्या मुलाला एका काकांनी विचारलं, "तू कोणत्या घरात राहतोस?" त्याने खिशातून फॉब काढून दाखवला, वर घर नंबरही सांगितला. ते काका आपलेच, मराठी मंडळात वर्गणी गोळा करणारे. नियमात काहीच खोट नव्हती हो. तो फक्त एकालाच लागू झाला.

चिकित्सक

काका चुकले. फॉब तपासायचा तर प्रत्येकाचा तपासा, त्यासाठी माणूस नेमा, वर्गणी वाढली तरी मी देईन. पण बाहेरच्यांना पास द्यायचा ठराव आला तर माझं मत विरोधात.

मेरीलँडवासी (धागाकर्ता)

ठरावावर विरोधात मत द्या, तो तुमचा हक्क. फक्त पाहुण्यांचा नियम तुमच्या सोसायटीत शेवटचा कधी बदलला आणि त्या आठवड्यात पूलवर कोण आलं होतं, ते इतिवृत्तात बघून इथे टाका.