देव प्रेमळ आहे तर मग एवढा उशीर का?

निफाडची_बाग:
मंडळी, प्रश्न जरा जड आहे, सांभाळून घ्या. यंदा द्राक्षांचा सौदा ठरलेला, व्यापारी दुसऱ्या दिवशी माल तोडायला येणार आणि आदल्या संध्याकाळी दहा मिनिटं गारा. मणी तडकले, घड सडले, सगळा माल बांधावर टाकला. आई म्हणते देवाची मर्जी. बरं गारांचं एकवेळ सोडून देतो. पण परवा आईला नाशिकच्या काळारामाला नेलं, ती आत आणि मी दाराशी चपला सांभाळत उभा, तेव्हा डोक्यात आलं की इथेच २ मार्च १९३० ला बाबासाहेबांचा सत्याग्रह सुरू झाला, पाच वर्षं माणसं नुसतं दर्शन मागत होती अन दार काही उघडलं नाही. आत राम होताच ना? मग त्याला काहीच कसं वाटलं नाही?

पंचवटीकर_काका:
प्रश्न जुनाच आहे. ब्रह्मसूत्रात (२.१.३४) म्हटलंय, देव पक्षपातीही नाही आणि निर्दयही नाही, ज्याच्या त्याच्या कर्माप्रमाणे देतो. शंकराचार्य पावसाचा दाखला देतात, पाऊस सगळ्यांना सारखाच, भात उगवणार की जव ते बियाणं ठरवतं.

येवलेकर:
काका, पाऊस सारखा पडतो हे निफाडवाल्याला सांगताय होय 😄
आणि कर्माचं उत्तर देणारा नेहमी दाराच्या आतलाच का असतो? चोखोबा गेले १३३८ ला, मंगळवेढ्यात वेशीचं बांधकाम अंगावर कोसळून. पंढरपूरचं दार उघडलं १९४७ ला, तेही साने गुरुजी उपोषणाला बसले तेव्हा. सहाशे वर्षं! म्हणे देव जबरदस्ती करत नाही, माणसाला सुधारायला वेळ देतो. देतो ना, पण वेळ मिळाला बडव्यांना आणि त्याचं व्याज फेडलं बाहेर उभं राहणाऱ्यांनी. आमच्या आज्याने हा हिशोबच बंद केला. १३ ऑक्टोबर १९३५ ला आमच्या येवल्यात बाबासाहेबांची धर्मांतराची घोषणा झाली, ५६ ला दीक्षा. बुद्धाकडे देवाने असं का केलं हा प्रश्नच येत नाही, दुःख आहे, त्याला कारण आहे, बोला पुढे.

माळकरी_ताई:
मला एवढं शास्त्र कळत नाही. तुकोबांची बायको दुष्काळात अन्नावाचून गेली, पोरगंही गेलं, आणि ते विठ्ठलाशी चांगले कडाकडा भांडलेत. मीपण भांडते. पोरगी दवाखान्यात होती तेव्हा रात्र रात्र त्याला नाही नाही ते बोलले. उत्तर काही आलं नाही. शेजारच्या कॉटवरच्या पोराच्या आईने तिच्या डब्यातली अर्धी भाकरी दिली. लोक लगेच म्हणतात तोच देव, मी नाही म्हणणार. भाकरी त्या बाईची होती, तिलाच कमी पडली असणार.

निफाडची_बाग:
काका, बियाण्याचं म्हणाल तर माझी थॉमसन, शेजाऱ्याचीही थॉमसनच, त्याच्याकडे एक गार पडली नाही. येवलेकर, व्याजाचं पटलं, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.
ताई, आईला सगळं वाचून दाखवलं. ती विचारतेय, त्या बाईचं पोरगं बरं झालं का?