इज-वॉज बघून ठरवू नका
कोणीतरी लिहिलंय की इंग्रजीत आयएनजी लागलेल्या शब्दाच्या आधी इज-वॉज असेल तर तो पार्टिसिपल (चालू क्रिया दाखवणारा किंवा विशेषणासारखा), नाहीतर जेरंड (नामासारखा वापरलेला). प्लीज, पोरांना असं शिकवू नका. 'माय हॉबी इज फिशिंग' मध्ये इज आहे तरी फिशिंग जेरंडच, कारण तिथे ते नाम आहे, त्याच्या जागी क्रिकेट ठेवा, वाक्य चालतं. 'ही इज फिशिंग' मध्ये ठेवून बघा, अर्थच जातो. आयएनजीवाला शब्द नामाच्या आधी आला की मात्र पोरं खरी अडकतात. गोव्यातल्या मालीमच्या जेटीवर लागते ती फिशिंग बोट, म्हणजे मासेमारीसाठीची, म्हणून जेरंड. पण सिंकिंग बोट म्हटलं की बोटच बुडतेय, मग पार्टिसिपल. आणि बोलताना जोरही बदलतो, पहिल्यात फिशिंगवर, दुसऱ्यात बोटवर, हे वर्गात मोठ्याने म्हणून घ्याच.