सल्ला हवा: पिचलेली आयुष्ये आणि अनपेक्षित सोबत यांवरच्या मराठी कादंबऱ्या

पानगळ:
नमस्कार. आमच्या वाचनकट्ट्याच्या पुढच्या सत्रासाठी मराठी कादंबऱ्या सुचवाव्यात. परिस्थितीने पिचलेल्या माणसाच्या वाट्याला, ध्यानीमनी नसताना, कुणाची तरी सोबत येते असा विषय असावा. अट एकच आहे: त्या सोबतीमुळे सगळे प्रश्न चुटकीसरशी सुटत असतील, तर ते पुस्तक नको.

वऱ्हाडवाट:
आपली अट पाहता उद्धव शेळके यांच्या ‘धग’ला (१९६०) पर्याय नाही. नवरा महादेव कर्तृत्वशून्य, पुढे त्याला महारोग होतो, आणि कौतिक मात्र मोलमजुरी करून संसार रेटत राहते. सख्ख्यांकडून जो आधार मिळायला हवा, तो तिला सिकंदर या मुसलमान माणसाकडून मिळतो. शेळक्यांनी या नात्याचा कुठेही गाजावाजा केलेला नाही, आणि सिकंदरच्या असण्याने कौतिकचे भोग टळतही नाहीत. तरीही तो नसता तर ती किती आधी कोसळली असती, हा विचार वाचताना सारखा मनात येतो. संवाद वऱ्हाडी बोलीत असल्यामुळे सुरुवातीची पाने इतरांना जड जाण्याची शक्यता आहे. ती मोठ्याने वाचून पाहावीत.

निळी शाई:
सचिन कुंडलकर यांची ‘कोबाल्ट ब्लू’ (२००६) सुचवते. पुण्यातल्या एका मध्यमवर्गीय घरात एक चित्रकार पेइंग गेस्ट म्हणून राहायला येतो, आणि घरातला मुलगा तनय व मुलगी अनुजा हे दोघेही त्याच्या प्रेमात पडतात. कादंबरीचे दोन भाग आहेत. पहिल्या भागात तनय त्या निघून गेलेल्या माणसालाच उद्देशून बोलतो; दुसऱ्या भागात अनुजाची रोजनिशी आहे. ज्याच्याभोवती हे सगळे फिरते, त्याचे नाव मात्र वाचकाला शेवटपर्यंत कळत नाही. अनुजा त्याच्याबरोबर निघून जाते, एकटीच परतते, आणि सारे घर तिची चिंता वाहू लागते. त्याच घरात, त्याच माणसासाठी झुरणाऱ्या तनयला आपले दुःख उघडपणे मांडण्याचीही सोय नसते. बहीण आणि भाऊ एकाच जखमेचे वाटेकरी आहेत, ही गोष्ट त्या दोघांपेक्षा वाचकाला अधिक लख्ख दिसते. माझ्या मते चर्चेला सर्वांत अधिक वाव याच पुस्तकात आहे. पुस्तक लहान आहे, हीदेखील कट्ट्याच्या दृष्टीने जमेची बाजू.

पानगळ:
दोन्ही नोंदवून घेतली. मुंबईच्या चाळीतले काही आहे का?

तिसरा मजला:
किरण नगरकर यांची ‘रावण आणि एडी’ पाहावी. मूळ इंग्रजी कादंबरी १९९५ची. मराठी अनुवादही झालेला आहे. माझगावच्या चाळीत आईच्या हातून निसटून खाली पडणाऱ्या तान्ह्या रावणला झेलताना व्हिक्टर कुटिन्हो प्राणाला मुकतो, आणि त्याचा मुलगा एडी तेव्हा आईच्या पोटात असतो. एका क्षणात दोन कुटुंबे, एक हिंदू आणि एक ख्रिस्ती, जन्मभरासाठी जखडली जातात.

वऱ्हाडवाट:
पण ते दोघे कादंबरीभर एकमेकांना जवळपास भेटतच नाहीत. धाग्याच्या विषयात हे बसेल काय?

तिसरा मजला:
बसेल, असे मला वाटते. एकाच्या जगण्यावर दुसऱ्याची सावली सतत पडलेली असते आणि दोघेही ती चुकवू पाहतात. याहून अनपेक्षित नाते मला तरी आठवत नाही. शिवाय नगरकरांचा विनोद अत्यंत वात्रट आहे. ‘धग’नंतर तो मानवेल.

जुनी पाने:
चिं. त्र्यं. खानोलकर यांची ‘चानी’ (१९७०) राहून गेली. गोऱ्या सोजिरापासून झालेली, म्हणून कोकणातल्या गावाने वाळीत टाकलेली मुलगी, आणि तिचा लळा लागलेला एक लहान मुलगा. चित्रपट पाहिलेला असला, तरी पुस्तक अवश्य वाचावे.

पानगळ:
सर्वांचे आभार. पहिल्या सत्राला ‘कोबाल्ट ब्लू’ ठेवते आणि ‘धग’ त्यानंतर घेते. आमच्यात अमरावतीच्या एक बाई आहेत; वऱ्हाडी संवाद त्यांनाच वाचायला सांगेन.