सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते की… (अनुभव धागा)

निकाल लागले की तहसील कचेरीबाहेरच्या टायपिंगवाल्यांना जेवायला फुरसत नसते. दाखल्यासाठी प्रतिज्ञापत्र, नावातल्या फरकासाठी प्रतिज्ञापत्र, वारसांसाठी प्रतिज्ञापत्र. करून देणारे, साक्षीला उभे राहिलेले, टाइप करणारे, सगळ्यांनी लिहा. सल्ले नकोत, घडलं ते सांगा.

एक पालक
मुलीच्या उत्पन्नाच्या दाखल्यासाठी गेले, तर "पाचशेचा स्टॅम्प आणा". ऑक्टोबर 2024 मध्ये किमान मुद्रांक शंभराचा पाचशे झाला, हे खरंच आहे. पण शासकीय कार्यालयात आणि कोर्टात द्यायच्या अशा प्रतिज्ञापत्रांना 2004 पासून शुल्क माफ आहे. मोबाइलवर अधिसूचना दाखवली. "मॅडम, आमच्याकडे असंच चालतं." थोडी हुज्जत घातल्यावर साध्या कागदावर घेतलं. माझ्यामागच्या काकांनी मात्र तोवर वेंडरला पैसे मोजले होते.

निवृत्त कोर्ट क्लार्क
"माझ्या माहितीप्रमाणे व समजुतीप्रमाणे खरे" हे वाक्य लोक झोपेतही टाइप करतील. पण माहिती वेगळी आणि समजूत वेगळी! दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 19 प्रमाणे, स्वतःच्या माहितीवरून जे सिद्ध करता येईल तेवढंच लिहायचं. अंतरिम अर्जात समजुतीवरचं विधान चालतं, पण ती समजूत कशावरून झाली तेही सांगावं लागतं. जमिनीच्या एका दाव्यात एकाने लिहून दिलं होतं, विहीर 1962 साली माझ्या डोळ्यांदेखत खोदली. साहेबांनी जन्मसाल विचारलं. 1965! त्याचे वकील फाइलमध्ये काहीतरी शोधू लागले.
जाता जाता: 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता आली, तरी नमुन्यांत खोट्या प्रतिज्ञापत्राबद्दल अजून जुन्या भारतीय दंड विधानाचं, म्हणजे भा.दं.वि. 199, 200 छापलेलं असतं. आता ती कलमं 236 आणि 237 आहेत.

नात
आजोबा गेल्यावर सातबाऱ्यावर वारस नोंद करायची होती. कागद एजंटाने तयार करून आणला. आजी निरक्षर, म्हणजे 'नि.डा.अं.', डाव्या अंगठ्याची निशाणी. शाईचं पॅडही पुढे सरकवलं होतं. नोटरीबाई म्हणाल्या, आधी वाचून दाखवा, त्यांना समजलं पाहिजे. मी वाचायला लागले. वारसांची नावं संपली तशी आजी म्हणाली, "मला पाच लेकरं हायत. तू तीनच वाचलीस."
दोन्ही आत्या गाळल्या होत्या. एजंट म्हणे, लग्न झालेल्या मुलींची नावं कशाला, उगाच हक्कसोडपत्राचं लांबण लागतं. काका गप्प. आजीने अंगठा पदराखाली घेतला आणि म्हणाली, "पुन्हा लिहा." त्या दिवशी काम झालं नाही, घरी येताना जीपमध्ये कोणी बोललं नाही, आणि दिवाळीला दोन्ही आत्या आल्या तेव्हाही विषय निघाला नाही. पण नवीन कागदावर पाच नावं होती. नोटरीबाईंनी "वाचून दाखवा" म्हटलं नसतं तर आम्हा कुणालाच कळलं नसतं.

चहा प्यायला थांबलेला
कोर्टाबाहेर चहा घेत होतो. एकजण आला: "साहेब, प्रतिज्ञापत्र करणाऱ्यांची फक्त ओळख द्यायचीय, एक सही." म्हटलं, मी ओळखत नाही त्यांना. "ओळख होईल की आता!" नाही म्हणालो. माझा कप रिकामा होईपर्यंत त्याला दुसरा भेटला.

मेलबर्नकर
इथे 'स्टॅट डेक'ला, म्हणजे स्टॅट्युटरी डिक्लरेशनला, औषधाच्या दुकानातला फार्मासिस्टही साक्षीदार चालतो. खोकल्याचं औषध आणि सही एकाच काउंटरवर मिळाली. भारतातल्या कामाला मात्र हे चालत नाही, नोटरी नाहीतर वकिलातच गाठावी लागते.

टायपिंगवाला
नमुन्यात नाव, वय, धंदा, पत्ता अशा जागा असतात. बाईमाणूस असलं की धंदा 'घरकाम', हे ठरलेलं. मी विचारतो. खुरपणी सोडून आलेली बाई म्हणते 'शेती'. सोबतचा माणूस म्हणतो, "लिहा हो घरकामच, काय फरक पडतो." शपथ बाईंची आहे, मी शेती लिहितो.

एक पालक
दादा, तुमचं टेबल कुठल्या कचेरीबाहेर असतं?