जुनं पेट्रोल इंजिन घ्यायचंय, काय बघू? लवकर सांगा

करवीर_उडान: रविवारी सांगलीचा माणूस इंजिन घेऊन येतोय. "कमी वापरलंय" एवढंच म्हणतो. प्रॉप (पुढचा पंखा) हातानं फिरवल्यावर कॉम्प्रेशन (आतला दाब) कितपत लागलं तर घ्यावं? आज रात्री त्याला हो-नाही कळवायचंय.

मळेकरी: कशाचं इंजिन? फवारणी पंपाचं असेल तर टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक ते आधी सांगा. टू-स्ट्रोकला तेल कोणतं घालत होते तेही विचारा.

करवीर_उडान: मॉडेल विमानाचं हो.

ग्लोवाला: सोपं आहे. प्रॉप कॉम्प्रेशनवर आणून तसाच धरा. दाब धरून राहिला तर इंजिन चांगलं, हळूहळू सुटला तर परत पाठवा. माझी सगळी ग्लो इंजिनं (मिथेनॉलवर चालणारी) मी अशीच घेतली.

टूस्ट्रोक_शिरोली: ग्लोवाले, हे पेट्रोलला लावू नका. तुमच्या एबीसी जातीच्या ग्लो इंजिनात पिस्टनला रिंग नसते, लायनर (सिलेंडरचं आतलं अस्तर) वर निमुळता असतो, म्हणून ते वर आवळतं. पेट्रोल इंजिनात रिंग असते आणि रिंगच्या फटीतून दाब सावकाश सुटतोच. त्यात इंजिन बरेच दिवस कोरडं पडून असेल तर कॉम्प्रेशन आणखी कमी लागतं. प्लग काढा, टू-टी तेलाचे दोन-चार थेंब सोडा, प्रॉप फिरवा आणि प्लग लावून परत बघा. एकदम जोर आला तर रिंग कोरडी होती किंवा झिजलीय. तेलानंही काही फरक पडला नाही तर मामला वेगळा.

पण करवीर, इंजिन कुठलं? किती सीसी? इग्निशन सोबत आहे का? विमान पडलं होतं का? हे न सांगता सल्ला कसला देणार?

करवीर_उडान: डीएलई ३०. इग्निशन, मफलर (सायलेन्सर) दोन्ही आहे. पडल्याचं विचारलं नाही. कॉम्प्रेशनचं कळलं, मग घेऊ ना?

टूस्ट्रोक_शिरोली: जरा थांब की भावा. पडलं होतं का, हे कॉम्प्रेशनच्या आधी विचारायचं. शाफ्ट वाकलेला असला तरी हातानं फिरवताना कॉम्प्रेशन झकास लागतं.

प्रॉप हब (प्रॉप जिथं बसतो तो भाग) हातात धर आणि वर-खाली, डावी-उजवीकडे हलव. तिथं खेळ जाणवला तर बेअरिंग गेलं. पुढं-मागं किंचित चाललं तर घाबरू नकोस. प्लग काढून सावकाश फिरव, खरखर हाताला कळते. मग पिस्टन वरच्या टोकाला आणून हब जरासा इकडं-तिकडं कर. 'टक्' असं लागलं तर कनेक्टिंग रॉडकडं लक्ष दे.

आणि मफलर उतरवून घे. एक्झॉस्टच्या तोंडातून टॉर्च मारली की पिस्टनची बाजू दिसते. तपकिरी डाग चालतील. चंदेरी उभे ओरखडे, ॲल्युमिनियम फासल्यासारखे दिसले तर ते इंजिन कमी तेलावर किंवा लीन मिक्श्चरवर (पेट्रोल कमी, हवा जास्त) तापलंय. एक्झॉस्टची बाजू सगळ्यात गरम, म्हणून तिथं आधी दिसतं.

लेथ_उद्यमनगर: शाफ्टचं डोळ्यानं नाही कळत. रविवारी दुपारी माझं वर्कशॉप उघडं आहे, घेऊन या. हबवर डायल गेज लावून फिरवलं की रनआउट (फिरताना शाफ्ट किती हलतो ते) समोर दिसतो, पैसे नकोत. आमच्या शिवाजी उद्यमनगरात एके काळी गल्लोगल्ली ऑईल इंजिनाचे भाग व्हायचे. बेअरिंग गेलं की म्हातारी माणसं दारातूनच आवाजावर सांगायची. आता ती माणसं कमी झाली.

मळेकरी: आमच्या विहिरीवर कोल्हापूरचंच ऑईल इंजिन होतं. हँडल मारायला दोघं लागायचे.

निःशब्द_मोटर: कशाला जुन्याच्या नादी लागता? इलेक्ट्रिक घ्या. बॅटरी लावली की उडलं. बेअरिंग नाही, धूर नाही.

टूस्ट्रोक_शिरोली: बेअरिंग इलेक्ट्रिक मोटरलाही असतात. आणि ३० सीसीच्या ताकदीला लागणाऱ्या बॅटऱ्यांची किंमत आधी लावा.

ग्लोवाला: पेट्रोलला सिलिकॉनची नळी चालत नाही, फुगते आणि खराब होते. टायगॉनची (पेट्रोलला चालणारी प्लॅस्टिकची नळी) घ्या. टाकीचा रबरी बूचही पेट्रोलचाच हवा.

करवीर_उडान: नळीचं मी विचारलंच नाही. इग्निशन चालू आहे का ते कसं बघू?

टूस्ट्रोक_शिरोली: प्लग बाहेर काढ, कॅपमध्ये घट्ट बसव, प्लगची धातूची बाजू इंजिनाला टेकव आणि प्रॉप फिरव. निळी ठिणगी हवी. प्लग न लावता, अर्थिंग न करता फिरवू नकोस, मॉड्यूल जळतं. बॅटरी पॅक किती व्होल्टचा चालतो ते मॉड्यूलवर वाच. जुनी ४.८ ते ६ व्होल्टची असतात, त्यांना दोन सेलचा लायपो (लिथियम पॉलिमर बॅटरी) थेट लावायचा नाही.

कार्ब्युरेटरचा डायफ्रॅम (आतला पातळ पडदा) कडक झाला असेल तर त्यावरून इंजिन नाकारू नकोस. पडून राहिलं की होतं, आणि आताच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलनं लवकर होतं. दुरुस्तीचं किट स्वस्तात मिळतं.

करवीर_उडान: मफलर काढून त्यानं फोटो पाठवला. पिस्टनवर एका बाजूला दोन-तीन चंदेरी रेघा आहेत. पडलं नव्हतं म्हणतो.

ग्लोवाला: रेघा किरकोळ आहेत. भाव पाडून घ्या.

टूस्ट्रोक_शिरोली: किरकोळ की खोल, ते फोटोवरून कसं ठरवलंत? करवीर, नखानं बघायला सांग. नख अडकलं तर पिस्टन, रिंग आणि कदाचित सिलेंडरही बदलावा लागेल. त्या खर्चात नवीन इंजिन जवळ येतं.

लेथ_उद्यमनगर: त्याला आज हो म्हणू नका. डायल लावल्याशिवाय पैसे देत नाही म्हणून सांगा. येणार असला तर रविवारी येईल.

करवीर_उडान: तसं कळवलं. सिलेंडरची आतली भिंत प्लगच्या भोकातून दिसते का?